कायदा सभागृहाचा, नियम खात्याचा : मधल्या वेळेत व्यापाऱ्याने काय करावे?

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. गल्ल्याशेजारी लोखंडी मीटरपट्टी ठेवलेली असते आणि तिच्यावर वजनमाप खात्याचा शिक्का आहे. गिऱ्हाईक तो शिक्का कधी पाहत नाही, पण तपासणीला आलेले साहेब सर्वात आधी तोच पाहतात. मुदत टळली असेल तर पुढचे बोलणे दंडाचे.

आता ही मुदत कोणी ठरवली? कोणालाही विचारा, उत्तर येते, ‘कायद्याने.’ पण संसदेने मंजूर केलेला वैध मापनशास्त्र कायदा, २००९ उघडून पाहा. त्यात म्हटले आहे की वजने-मापे वापरात आणण्यापूर्वी तपासून घ्यावीत आणि नियमांनी ठरवलेली फी भरावी. मीटरपट्टी दर दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यावी, ही अट २०११ च्या नियमांनी घातली. फीचे आकडेही नियमांतच. म्हणजे खासदारांनी मत दिले ते कायद्याला, आणि आपल्या दुकानापर्यंत पोहोचले ते नियम. हे नियम सरकारी खात्याने लिहिले.

व्यापारी बंधूंनो, आजचा धडा याच गोष्टीचा आहे. खाते जे नियम लिहिते त्यावर लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाची नजर असते का? असते तर किती? आणि त्या व्यवस्थेत आपल्यासारख्या लहान दुकानदाराला, कारागिराला बोलायला जागा कुठे आहे?

नियम लिहिण्याचा अधिकार खात्याला कसा मिळतो?

आमचा हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. त्या काळात हुकूम काढणारा आणि हुकूम बजावणारा एकच, नवाबाचा दरबार. लोकशाहीत ही दोन कामे वेगळी केली. कायदा सभागृहाने करावा, अंमल सरकारने करावा. परंतु सभागृहाला प्रत्येक बारीकसारीक गोष्ट ठरवायला वेळ नसतो. मीटरपट्टीची फी किती, अर्जाचा नमुना कसा, परवान्याची मुदत किती, यासाठी कायद्यात एक कलम असते : ‘राज्य शासनास नियम करता येतील.’ या कलमाने लेखणी पुन्हा अंमल करणाऱ्याच्या हाती जाते. म्हणून तर तिच्यावर नजर ठेवण्याची गरज निर्माण होते.

या अधिकाराला मर्यादा किती, याचा एक मोठा निकाल आमच्याच धंद्यातून निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर कापडावर नियंत्रण होते. १९४८ च्या सुती कापड वाहतूक नियंत्रण आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय नवे कापड रेल्वेने नेता येत नसे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी इटारसी स्टेशनवर हरिशंकर बागला आणि त्यांच्या पत्नीला रेल्वे पोलिसांनी अटक केली. मुंबईहून कानपूरला सहा मणांहून अधिक नवे सुती कापड विनापरवाना नेत असल्याचा आरोप होता. त्यांचे म्हणणे असे की, हा आदेश सभागृहाने नव्हे तर सरकारने काढला, एवढी सत्ता सरकारला देताच येत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. मूळ धोरण कायद्यात स्पष्ट असेल (येथे ते मालाचा पुरवठा टिकवणे आणि रास्त भावात सर्वांना वाटप हे होते) तर तपशील सरकारवर सोपवता येतो, असे न्यायालयाने ठरवले. मात्र धोरण ठरवण्याचे मूळ काम सभागृहाला दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही, हे तत्त्व कायम राहिले.

‘मला माहीत नव्हते’ हे चालत नाही

आमच्या बाजारातल्या एका तरुण शिंप्याने मागे विचारले, ‘चाचा, हे राजपत्र म्हणजे कुठले वर्तमानपत्र? एस.टी. स्टँडवर तर कधी दिसत नाही.’ मी म्हणालो, ‘बेटा, ते स्टँडवर येत नाही, पण त्यात छापलेले तुझ्या शिलाई मशीनपर्यंत येते.’

राजपत्र म्हणजे सरकारचे अधिकृत पत्र, गॅझेट. नियम त्यात छापला की सर्वांना कळला असे धरले जाते. छापलाच नाही तर तो बांधत नाही. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूबद्दल कायदा केला, पण तो लोकांपुढे प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द केली. गुपचूप केलेल्या कायद्याने माणसाला शिक्षा देणे इन्साफाला धरून नाही, असे त्या निकालाचे सार आहे.

परंतु एकदा छापले की पळवाट नाही. १९६२ च्या नोव्हेंबरात झुरिकहून मनिलाला निघालेला मेयर हान्स जॉर्ज नावाचा प्रवासी विमानाने मुंबईत सांताक्रूझला आला. अंगावर ३४ किलो सोने होते. भारतातून पुढे जाणाऱ्या सोन्याची नोंद विमानाच्या मालयादीत असलीच पाहिजे, अशी अट घालणारी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात आली होती. विमान उतरले २८ तारखेला. म्हणजे मधे चार दिवस. परदेशी माणसाला आपले गॅझेट कोठून माहीत असणार? तरीही १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याला दोषी धरले. परदेशी प्रवाशाची ही गत, तर श्रीवर्धन तालुक्यातल्या दुकानदाराची सबब कोण ऐकणार?

सभागृहाची नजर म्हणजे काय?

बहुतेक कायद्यांच्या शेवटी एक कलम असते. नियम केल्यावर तो शक्य तितक्या लवकर सभागृहाच्या पटलावर ठेवावा, अधिवेशन चालू असताना एकूण ३० दिवस ठेवावा. हे दिवस एका अधिवेशनात पुरे झाले नाहीत तर पुढच्यात धरायचे. त्या मुदतीत दोन्ही सभागृहांनी मिळून ठरवले तर नियमात बदल होतो किंवा तो रद्द होतो. केंद्राचा नियम लोकसभा आणि राज्यसभेपुढे जातो, महाराष्ट्राचा नियम विधानसभा आणि विधान परिषदेपुढे. जीएसटीच्या २०१७ च्या कायद्यात हे कलम १६६ आहे आणि त्यात नियमांबरोबर अधिसूचनांचाही उल्लेख आहे.

शेकडो नियमांचे कागद आमदार-खासदार एकेकटे कसे वाचणार? म्हणून समिती असते. लोकसभेत ही समिती १९५३ साली स्थापन झाली. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर होते. त्यांचे घराणे मूळचे आपल्या कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे. समितीत १५ सदस्य असतात आणि मंत्र्याला तिच्यात बसता येत नाही. कारण उघड आहे : ज्याच्या खात्याने नियम लिहिला त्यानेच तो तपासायचा नाही. राज्यसभेची अशी समिती १९६४ पासून आहे. महाराष्ट्र विधानमंडळात हे काम उपविधान समिती करते.

अशी समिती काय पाहते? आपल्या भाषेत सांगायचे तर हे प्रश्न :

१. कायद्याने जेवढा अधिकार दिला त्याच्या बाहेर नियम गेला आहे का?
२. जी गोष्ट कायद्यातच यायला हवी होती ती नियमात घुसवली आहे का?
३. कायद्यात नसलेला कर नियमाने बसवला आहे का?
४. कायद्याने परवानगी दिलेली नसताना नियम मागील तारखेपासून लागू केला आहे का?
५. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केला आहे का?
६. राजपत्रात छापायला किंवा पटलावर ठेवायला विनाकारण उशीर झाला आहे का?
७. भाषा इतकी संदिग्ध आहे का की तिचा अर्थ ज्याला जसा वाटेल तसा लावता येईल?

हे सात प्रश्न कागदावर लिहून दुकानात ठेवावेत. नवा नियम आला की आपणही तो याच चाळणीतून चाळून पाहावा.

ही नजर कुठे कमी पडते?

खरे बोलायला हवे. पटलावर ठेवणे हे बऱ्याचदा वरातीमागून घोडे असते. नियम आधी लागू होतो, मग सभागृहापुढे जातो. सभागृहाने पुढे तो रद्द केला तरी तोवर त्याखाली जे झाले ते कायम राहते, असे त्याच कलमात लिहिलेले असते. भरलेला दंड एवढ्याने परत मिळत नाही.

आणि समजा खात्याने नियम पटलावर ठेवलाच नाही तर? लोखंड-पोलादाच्या भावाबद्दलची एक अधिसूचना संसदेपुढे ठेवली गेली नव्हती. अॅटलस सायकल कंपनीच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या कायद्यात फक्त ‘पटलावर ठेवावे’ एवढेच आहे, ठेवले नाही तर काय हे लिहिलेले नाही. म्हणून तेवढ्या कारणाने अधिसूचना रद्द होत नाही. तेव्हा ‘पटलावर ठेवला नव्हता’ या एका मुद्द्यावर वकिलाची फी खर्च करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

नियम रद्द करण्याचा प्रस्तावही क्वचितच येतो. २०१२ च्या मे महिन्यात राज्यसभेत पी. राजीव यांनी माहिती तंत्रज्ञानाबाबतचे २०११ चे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. चर्चा झाली, सरकारने सर्वांशी बोलण्याचे आश्वासन दिले, प्रस्ताव मात्र फेटाळला गेला. इतर देशांतही असेच आहे. इंग्लंडमध्ये १९४६ च्या कायद्याने अनेक नियमांसाठी ४० दिवसांची मुदत ठेवली आहे. अमेरिकेत १९९६ साली असा कायदा झाला, पण त्याखाली पहिला नियम रद्द झाला तो २००१ साली, कामगारांना कामाच्या पद्धतीमुळे होणाऱ्या इजांबद्दलचा.

मग ही व्यवस्था निरुपयोगी आहे का? नाही. नियम सभागृहापुढे आणि समितीपुढे जाणार हे खात्याला माहीत असते. समितीने खुलासा मागितला की खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते. मात्र समितीला आपल्या दुकानातली अडचण आपोआप समजत नाही. कोणी तरी ती लिहून कळवावी लागते.

सर्वात मोठा दरवाजा : मसुदा

अनेक कायद्यांत अशी अट असते की नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्यात. ती कशा घ्यायच्या हे केंद्राच्या १८९७ च्या आणि आपल्या राज्याच्या १९०४ च्या सर्वसाधारण खंड कायद्यात लिहिले आहे. मुदतीत आलेल्या हरकतींचा विचार करणे खात्याला बंधनकारक आहे. शिवाय मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावेत, असे धोरण केंद्राने २०१४ साली ठरवले.

हा दरवाजा पटलापेक्षा मजबूत आहे, आणि ते एका व्यापाऱ्यानेच सिद्ध केले. गुजरातेत गोध्र्याच्या बाजार समितीच्या हद्दीत नियंत्रित मालाच्या यादीत आले घातले गेले. राजपत्रात ते छापले, पण कायद्यात सांगितल्याप्रमाणे गुजराती वर्तमानपत्रात छापले नाही. विनापरवाना आले घेतल्याबद्दल गोविंदलाल पटेल या व्यापाऱ्यावर खटला झाला. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. ज्याच्यावर नियमाचा बोजा पडणार त्याला त्याच्या भाषेत आधी कळले पाहिजे, ही अट पाळलीच पाहिजे असे न्यायालयाने धरले.

पण येथेही गाफील राहू नये. रामपूर नगरपालिकेने कराचा मसुदा हिंदी वर्तमानपत्राऐवजी एका उर्दू पत्रात छापला होता. त्या खटल्याच्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रसिद्धी हवीच, पण तिच्या पद्धतीत थोडा फरक पडला आणि लोकांपर्यंत गोष्ट पोहोचली असेल तर कर रद्द होत नाही. म्हणून चूक शोधून सुटण्याच्या आशेपेक्षा वेळेवर बोलणे बरे.

आमच्या किनाऱ्याचे उदाहरण घ्या. समुद्रालगत घर बांधणे, वाढवणे यावर १९९१ पासून सीआरझेडची बंधने आहेत. ती संसदेने एकेक कलम मंजूर केलेली नाहीत. १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली काढलेली ती अधिसूचना आहे. २०११ साली ती नव्याने आली. एप्रिल २०१८ मध्ये पुन्हा नवा मसुदा निघाला, हरकतींना ६० दिवस दिले, आणि १८ जानेवारी २०१९ ला अंतिम अधिसूचना आली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीची पट्टी २०० मीटरवरून ५० मीटर करण्याची तरतूद तिच्यात आहे. गवंडी, सुतार, रेतीवाला, घरमालक, सर्वांच्या पोटाचा हा प्रश्न. त्या ६० दिवसांत आपल्यापैकी कितीजणांनी एक ओळ लिहून पाठवली?

माझी स्वतःची चूक

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौत जीएसटी परिषदेची ४५ वी बैठक झाली. तिच्यात कापडावरील कराची रचना १ जानेवारी २०२२ पासून बदलण्याचे ठरले. १८ नोव्हेंबरला अधिसूचना निघाली : कापड आणि १००० रुपयांपर्यंतचे तयार कपडे ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर. म्हणजे १००० रुपयांच्या मालावर ५० ऐवजी १२० रुपये कर.

मला हे कधी कळले? डिसेंबरच्या मध्यावर, मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या फोनवरून. ‘भाई, महिनाअखेरीपूर्वी माल उचला, नाही तर महाग पडेल.’ मी अधिसूचना वाचली नाही, कोणाला विचारले नाही. ईदच्या हंगामाला चार महिने असताना गरजेपेक्षा दुप्पट माल उधारीवर उचलला. तिकडे सुरत आणि इतर ठिकाणच्या कापड व्यापाऱ्यांनी निवेदने दिली होती, काही राज्य सरकारांनीही विरोध केला. ३१ डिसेंबरला परिषदेची ४६ वी बैठक झाली आणि कापडावरील वाढ पुढे ढकलली गेली. माझ्या घरात मात्र माल पडून राहिला आणि उधारीचा तगादा मार्चपर्यंत चालला.

यातून दोन गोष्टी शिकलो. पहिली : जीएसटीच्या दराचा मसुदा हरकतींसाठी येत नाही. संसदेने कायद्यात केंद्राच्या कराला २० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे, राज्याच्या कायद्यातही तशीच आहे. तिच्या आत परिषदेच्या शिफारशीवरून अधिसूचनेने दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतचे तयार कपडे ५ टक्क्यांत आणि त्यावरचे १८ टक्क्यांत आले, तेही असेच. म्हणून दराबाबत बोलायचे तर परिषदेची बैठक होण्याआधी, व्यापारी संघटनेमार्फत. दुसरी : सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत साडेतीन महिने होते. ज्यांनी ते वापरले त्यांच्यामुळे दर थांबला. त्यांच्या मेहनतीचा फायदा मलाही मिळाला, पण माझ्या गाफीलपणाचे नुकसान माझे मलाच सोसावे लागले.

आता काय करावे?

१. बाजारातल्या एका शिकलेल्या मुलाकडे राजपत्र पाहण्याचे काम द्यावे. महाराष्ट्राच्या कायद्यांखालचे नियम भाग चार-ब मध्ये येतात, केंद्राच्या कायद्यांखाली राज्याने केलेले नियम भाग चार-अ मध्ये. राजपत्र आता मोबाईलवरही वाचता येते.

२. ‘मसुदा’ आणि ‘हरकती व सूचना’ हे शब्द दिसले की शेवटची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी.

३. हरकत लहान आणि मुद्देसूद लिहावी. आपण कोण, नियम क्रमांक कोणता, त्याने महिन्याला किती रुपयांचा किंवा किती दिवसांचा फटका बसेल, आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत. ‘हा जुलमी नियम रद्द करा’ एवढे लिहून काही होत नाही. ‘दरवर्षी ऐवजी दर दोन वर्षांनी असे करावे’ असे लिहिले तर खात्याला त्यावर विचार करावा लागतो.

४. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती आणि नक्कल जपून ठेवावी. पुढे समितीपुढे किंवा न्यायालयात तोच कागद कामी येतो.

५. मसुद्याची मुदत गेली आणि नियम झाला, तर वरच्या सात प्रश्नांपैकी कोणता लागू पडतो ते पाहून समितीच्या नावे निवेदन द्यावे आणि त्याची प्रत आपल्या आमदाराला, खासदाराला द्यावी. मुंबईत अर्थसंकल्पी व पावसाळी अधिवेशन आणि नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते. त्याआधी पंधरा दिवस कागद हातात पडला तर उपयोग.

६. न्यायालयाचा दरवाजा शेवटचा. नियम कायद्याच्या बाहेर गेला असेल तर उच्च न्यायालय तो रद्द करू शकते. पण तिथे पैसा आणि वर्षे दोन्ही लागतात.

एकट्या दुकानदाराचे पत्र फाईलमध्ये पडून राहू शकते. शिंपी, सुतार, कापडवाले, किराणावाले अशा चाळीस सह्यांचे पत्र तसे पडून राहत नाही. मी आमच्या बाजारातल्या मंडळींना सुचवले आहे की, दर महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटे या एकाच विषयाला द्यावीत : या महिन्यात कोणता मसुदा निघाला आणि त्याची मुदत कधी संपते. आपापल्या गावी हे सुरू करावे, ही सर्व वाचक बंधूंना विनंती.